गुरुवारचं भेजं

पाच वर्षं मी शेळ्यांच्या मेंदूवर काम केलं आणि पाच वर्षांत एकदाही देवनारच्या कत्तलखान्यात पाय ठेवला नाही. आज हे सांगताना माझं मलाच लाजिरवाणं वाटतं. ज्या मेंदूंच्या जिवावर मला पीएचडी मिळणार होती ते येतात कुठून, कसे, कधी, हे बघून यावं असं मला कधी वाटलंच नाही. मामा आणायचे. सकाळी साडेआठला पत्र्याची पेटी टेबलावर यायची, तिच्यात बर्फ, बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत भेजं, आणि पिशवीला रबरबँडने लावलेली चिठ्ठी. मी चिठ्ठी काढायची, रजिस्टरमध्ये तारीख टाकायची, कामाला लागायचं.

मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. मालवणकडचे, वय सत्तावन्न, राहायला घाटकोपरच्या डोंगरावर एका खोलीत. आमची प्रयोगशाळाही घाटकोपरातच होती, पूर्वेला, एका संस्थेच्या मागच्या इमारतीत. मी मुलुंडहून बसने यायचे. प्रयोगशाळेत आम्ही इनमीन तिघं. सर, मी आणि मामा. मामा इतरांशी मुंबईचं मराठी बोलायचे, पण मन लावून काही सांगायचं असलं की मालवणीत शिरायचे. मला ते 'बाय' म्हणायचे. काचेची एक नळी त्यांच्या हातून फुटलेली मला आठवत नाही. माझ्या हातून किती फुटल्या ते विचारू नका.

आमचं काम काय होतं ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे.

एका चेतापेशीला दुसरीला निरोप द्यायचा असतो. त्यासाठी तिच्या टोकाशी बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांना आम्ही पुटिका म्हणायचो. त्यांत रसायन भरलेलं असतं. पिशवी टोकाच्या कडेला येऊन उघडते, रसायन बाहेर पडतं, निरोप पोचतो. पण मग रिकाम्या पिशवीचं काय करायचं? तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी दूध केंद्र होतं. बाबा पहाटे काचेच्या रिकाम्या बाटल्या घेऊन जायचे आणि भरलेल्या आणायचे. रिकामी दिली नाही तर भरलेली मिळायची नाही. मेंदूतही तस्संच. रिकामी पिशवी आत ओढून घेतली आणि पुन्हा भरली तरच पुढचा निरोप जाणार. ह्या रिकाम्या बाटल्या गोळा करण्याच्या कामात जी प्रथिनं असावीत असा अंदाज होता, त्यातलं एक प्रथिन मी मोजत होते. अंदाज म्हणतेय, कारण ऐंशीच्या दशकात त्या प्रथिनाबद्दल जगात कोणालाच फारसं ठाऊक नव्हतं. म्हणून तर आम्हाला एवढा चेव होता.

मोजायचं कसं? मेंदू थंड साखरपाण्यात वाटायचा, यंत्रात गरगर फिरवायचा, तुटलेली चेताटोकं एका थरात गोळा होतात ती अलगद काढून घ्यायची. त्यांतली प्रथिनं जेलमधून पळवून वेगळी करायची आणि कागदावर उतरवायची. मग सशाच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं त्या कागदावर घालायची, ती फक्त आमच्या प्रथिनालाच चिकटायची. त्यांच्यावर किरणोत्सारी खूण, आणि शेवटी गणकयंत्र कर्रर्र आवाज करत कागदाच्या पट्टीवर आकडा छापायचं. गुरुवारी सुरू केलं तर आकडा शनिवारी. त्या कर्रर्रची मी जेवढी वाट पाहिली तेवढी कुठल्या स्थळाच्या पत्राची पाहिली नाही, आणि स्थळं तेव्हा रग्गड येत होती. मी एकोणतीस वर्षांची झाले होते. आई सगळ्यांना सांगायची, मुलगी शिकतेय, एवढं पुस्तक होऊ दे.

आणि पुस्तक होत आलं होतं. करडू आणि म्हातारी शेळी अशा दोन वयांची जनावरं मी घेतली होती. खाटीक दात बघून वय सांगायचा. करडांच्या चेताटोकांत आमचं प्रथिन भरपूर, आणि म्हाताऱ्या शेळ्यांत निम्म्याहूनही कमी. एकदा नाही, चाळीस वेळा. म्हातारपणी मेंदूचे निरोप मंदावतात ते का, ह्याचं एक कारण माझ्या हाताशी आलं होतं. सर त्याच वर्षी निवृत्त होणार होते आणि शिष्यवृत्तीचे तीन महिने उरले होते. सर गेल्यावर त्या विषयाला दुसरा मार्गदर्शक अख्ख्या मुंबईत नव्हता. म्हणजे प्रबंध आत्ता गेला तर गेला, नाहीतर माझी पाच वर्षं पाण्यात. टायपिस्टने सगळं टाइप करून दिलं होतं, बांधणीवाल्याने चार प्रती काळ्या कापडात बांधून वर सोनेरी अक्षरं उठवली होती. तीन आठवड्यांनी विद्यापीठात द्यायच्या.

तेवढ्यात सरांच्या मनात आलं की परीक्षक शंकेखोर आहेत, म्हाताऱ्या शेळ्यांच्या आणखी दोन-तीन मोजण्या हाताशी असू द्याव्यात. आणि नेमके मामा गावच्या जत्रेला पंधरा दिवस गेलेले. मग काय, मीच पेटी उचलली.

तो गुरुवार होता. आमचं वेळापत्रकच तसं होतं. मंगळवारी करडू, गुरुवारी म्हातारी शेळी. जेलचं यंत्र एकच, म्हणून दिवस वाटून घेतलेले. वेळापत्रक मीच आखलं होतं. मंगळवारी म्हातारी आणि गुरुवारी करडू असं अधूनमधून उलटंही करावं, ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळते. मला कळली नाही. का? तर एकदा लागलेली घडी मोडायचा कंटाळा. दुसरं कारण नाही.

देवनारला मी काय बघितलं ते मी पुढे कित्येक दिवस घरात बोलले नाही. आम्ही कोकणातली माणसं, रविवारी घरात मटण शिजतं, मी चवीने खाते. तरीही मी दारातच अडले. ओल्या फरशीवर उजेड पडलेला, वास असा की पदर नाकावरून काढवेना. आणि एक शेळी माझ्याकडे बघत होती. म्हातारी होती. खाटकाने तिचा जबडा उघडून मला झिजलेले दात दाखवले, भाजीवाला भाजी दाखवतो तसे. मी मान हलवली. माझ्या मान हलवण्यावर ती गेली. पाच वर्षं मी 'नमुना क्रमांक अमुक' असं लिहीत होते तो हा नमुना, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

खाटीक भला माणूस होता. त्याने मला बसायला पिंप उपडं करून दिलं आणि विचारलं, मालवणी चाचा कुठे आहेत. गावी गेलेत म्हटल्यावर तो म्हणाला, "वैसे भी आज जुमेरात है. चाचा जुमेरात को नहीं आता."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष त्या पिशवीकडे होतं. पिशवी अजून ऊन होती.

शनिवारी आकडा आला. म्हाताऱ्या शेळीत प्रथिन करडाएवढंच.

मी म्हटलं, हात चुकला. देवनारचा धसका घेतला होता, काहीतरी ओतायचं विसरले असेन. सरांना सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात दोनदा गेले, सोमवारी आणि गुरुवारी, वेगवेगळ्या म्हाताऱ्या शेळ्या आणल्या. हात धुऊन, श्वास रोखून, एकेक थेंब मोजून काम केलं. पहिला आकडा करडाएवढा. दुसरा आकडा करडाएवढा. यंत्र बिघडलं म्हणावं तर जुने साठवलेले नमुने त्यात घालून बघितले, ते जुन्यासारखेच येत होते. मी रजिस्टर उघडून बसले आणि गुरुवार, गुरुवार, गुरुवार अशा माझ्याच अक्षरातल्या चाळीस तारखा बघताना खाटकाचं ते वाक्य एकदम कानात वाजलं. चाचा गुरुवारी येत नाही.

येत नाही? मग गुरुवारी सकाळी साडेआठला पेटी घेऊन माझ्यासमोर उभं कोण राहायचं?

मामा यायला अजून चार दिवस होते. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. माझ्या डोक्यात काय काय यायचं, सांगायलाही नको. मामा देवनारला जातच नसतील, गल्लीतल्या मटणवाल्याकडून काहीही उचलून आणत असतील. चिठ्ठ्या बसल्या जागी खरडत असतील. पाच वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यायला त्या माणसाला मी चार दिवस मनातल्या मनात चोर ठरवलं. घरी आईने विचारलं की पुस्तक कधी देणार, तर मी तिच्यावर वसकन ओरडले.

मामा आले ते कोकमं आणि जत्रेतलं खाजं घेऊन. मी खाजं हातात घेतलंसुद्धा नाही. सरळ विचारलं, मामा, तुम्ही गुरुवारी देवनारला जाता का.

"गुरवारी?" मामांना प्रश्नच विचित्र वाटला. "गुरवारी मी थंय जाणंय नाय, बाय. माझो दत्ताचो उपास. बुधवारी सकाळीच आणतंय."

मी मट्कन स्टुलावर बसले.

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं, लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या गावीही नव्हतं. बारा वर्षांपूर्वी त्यांची बायको तापाने मरता मरता वाचली, तेव्हापासून गुरुवार. त्या दिवशी रक्ताच्या जागी जायचं नाही असं ते देवासमोर बोलले होते. मी गुरुवारचं वेळापत्रक दिलं तेव्हा त्यांना कुरकुर करायची नव्हती, माझ्या कामात आपला उपास कशाला मध्ये आणायचा. म्हणून बुधवारी पहाटे जायचं, म्हातारी शेळी बघून भेजं घ्यायचं आणि, प्रयोगशाळेच्या फ्रिजात जागा नसायची म्हणून, पेटी मानखुर्दच्या बाजारात एका ओळखीच्या कोळणीच्या बर्फाच्या खोक्यात ठेवायची. संध्याकाळी जाऊन बर्फ बदलायचा. गुरुवारी पहाटे आंघोळ, पूजा करून परत बर्फ बदलून पेटी माझ्या टेबलावर. एवढी यातायात त्यांनी पाच वर्षं केली, माझं अडू नये म्हणून.

"बांगडो बर्फात दोन दिस ताजो रवता," ते म्हणाले. "तसांच ह्यां."

मी म्हटलं, पण चिठ्ठी? चिठ्ठीवर तर सकाळची वेळ असते.

"तुमी येळ लिवक सांगितलास, मी येळ लिवलंय. खोटी कधी लिवूक नाय."

मी खणातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. जनावर. दात. कापल्याची वेळ. बर्फात ठेवल्याची वेळ. चार रकाने, मीच पट्टीने आखलेले. तारखेचा रकानाच नव्हता. तारीख मी टाकायची ना रजिस्टरमध्ये! 'सकाळी सहा वाजून दहा मिनिटं' हे अगदी खरं होतं, फक्त ते बुधवारचं होतं. आणि भेजं म्हणजे बांगडा नव्हे. मेंदू मेला तरी त्याच्यातले पाचक रस जागे असतात, ते कात्रीसारखे प्रथिनं कापत बसतात, बर्फातही, हळूहळू. एका दिवसात त्यांनी आमचं प्रथिन निम्म्याखाली आणलं होतं. मी मोजलं होतं ते म्हातारपण नव्हतंच. कोळणीच्या खोक्यातले चोवीस तास मी चाळीस वेळा मोजले होते.

सगळ्यात वाईट काय, ते सांगते. गुरुवारची भेजी हाताला मऊ लागायची, हे मला दिसत होतं. दिसत होतं! आणि मी त्यावर प्रबंधात पाऊण पान लिहिलं होतं, की वयोमानाने मेंदूच्या ऊतींचा घट्टपणा कमी होतो. अक्कल गहाण ठेवून माणूस किती छान इंग्रजी लिहू शकतो!

सरांकडे गेले. आधी फक्त तीन नवे आकडे सांगितले. सर शिस्तीचे, काटेकोर, त्यांच्या भीतीने मी कधी एक आकडासुद्धा खोडला नाही. ते म्हणाले, "चाळीस एका बाजूला आहेत, तीन दुसऱ्या. तीन बाजूला ठेव."

देवनारलाही मला एवढा धक्का बसला नव्हता. मी म्हटलं, सर? ते म्हणाले, माझी मुदत मार्चपर्यंत आहे, तुझी शिष्यवृत्ती त्याआधी संपते, तू विचार कर. मी विचार केला नाही असं म्हणणार नाही. त्या खुर्चीत बसून मी पूर्ण एक मिनिट विचार केला. काळ्या कापडातल्या चार प्रती त्यांच्याच कपाटात होत्या, काचेतून सोनेरी अक्षरं दिसत होती. मग मी त्यांना गुरुवारचं सांगितलं.

सर ताडकन उठले. मामांना आजच्या आज काढतो, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्यासमोर आपटला आणि म्हटलं, ह्याच्यात तारीख कुठे लिहायची होती मामांनी, ते दाखवा. गठ्ठ्यावर पहिल्या वर्षी आखलेल्या चिठ्ठीचा कोरा नमुना होता. खाली 'मंजूर' आणि सरांची सही. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि बसले. काढायचं परत नाव घेतलं नाही.

मग ते परत शास्त्रज्ञासारखे बोलायला लागले, तेव्हा मला जरा बरं वाटलं. ते म्हणाले, अजून एक शक्यता राहते. तू तीन वेळा आणलंस ते तुझ्या हाताने. मामा जनावर निवडतात ते वेगळ्या नजरेने. कदाचित तू आणलेल्या शेळ्या तेवढ्या म्हाताऱ्या नसतील. म्हणून माणूस तोच, जनावर निवडायची पद्धत तीच, वार तोच, फक्त भेजं त्याच दिवसाचं. एकच गोष्ट बदलायची. मग आकडा कमी आला तर प्रबंध वाचला. नाही आला, तर प्रती मागे घेऊ.

मी म्हटलं, मामा गुरुवारी जाणार नाहीत.

"विचार त्यांना."

मी नाही विचारणार, म्हटलं. बारा वर्षांचा नेम आहे त्यांचा, माझ्या आकड्यासाठी मी तो मोडायला सांगणार नाही, मी स्वतःच जाईन आणि आणखी म्हातारी शेळी बघेन. मी बाहेर आले तर मामा दाराशीच बाटल्या पुसत उभे. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंती प्लायवूडच्या. पण मामांचा चेहरा नेहमीसारखाच होता, म्हणून मी फक्त एवढंच सांगितलं की ह्या गुरुवारी मी जाते, तुम्ही पूजा आटपून सावकाश या. बरां, म्हणाले.

गुरुवारी सहा वाजता मी देवनारच्या फाटकाशी उतरले आणि मामा आतून बाहेर येताना दिसले.

हातात पत्र्याची पेटी. एरवी गुरुवारी त्यांच्या कपाळाला अबीर असायचा, आज कपाळ कोरं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला ओल्या. मला बघून ते थबकले, चोरी पकडल्यासारखे. मी ओरडलेच त्यांच्यावर, रस्त्यात, चार माणसांत. कोणी सांगितलं होतं तुम्हाला, कशाला आलात, काय गरज होती. माझा तो राग कसला होता ते मला आजही कळलेलं नाही. मामांनी मला ओरडू दिलं. मग पेटी दुसऱ्या हातात घेतली.

"गुरवार परत येतलो, बाय," ते म्हणाले. "तुमचां पुस्तक परत येवचां नाय."

आम्ही दोघं बसने घाटकोपरला आलो. पेटी त्यांनी मांडीवर धरली होती. वाटेत ते एकदाच बोलले, दात अगदी झिजलेले बघून घेतलेत म्हणाले, ह्याच्याहून म्हातारी आज तिथे दुसरी नव्हती. त्यांना वाटत होतं की भेजं ताजं असलं की मला हवा तो आकडा येणार. नासक्या मालाने आकडा बिघडवला, तर चांगल्या मालाने तो सुधारेल, असा त्यांचा सरळ हिशेब. ताजं भेजंच माझा प्रबंध बुडवणार आहे, हे त्यांना कसं सांगू? मनात नको नको ते येत होतं. आकडा कमी येऊ दे, एवढा एकदा कमी येऊ दे, असं मी त्यांच्याच दत्ताला म्हणत होते. ज्याचा उपास माझ्यामुळे मोडला त्यालाच!

शनिवारी दुपारी यंत्र कर्रर्र वाजलं. करडाचा आकडा आणि म्हातारीचा आकडा शेजारी शेजारी छापून आले. जवळजवळ एकच.

मी पट्टी फाडून सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. उठून कपाट उघडलं आणि चारही प्रती काढून माझ्या हातात दिल्या. मला वाटलं होतं की मी रडेन. पण मी नुसती सुन्न झाले होते. चार प्रतींचं ओझं एवढं असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी त्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या, पालथ्या.

मामा सिंकपाशी हात पुसत उभे होते. दोन दिवस त्यांनी काही विचारलं नव्हतं.

"इलो आकडो?"

आला, म्हटलं. त्यांच्याशी खोटं बोलावं असं फार वाटलं मला. पण त्या माणसाने पाच वर्षांत एक वेळसुद्धा खोटी लिहिली नव्हती. मी त्यांना बसवलं आणि सांगितलं की मामा, तुमचं भेजं अगदी ताजं होतं, काम चोख झालं, पण फरक नाहीच. म्हाताऱ्या शेळीतही ते प्रथिन करडाएवढंच आहे. कमी होतच नाही. पुस्तकात लिहिलंय ते चूक आहे, म्हणून पुस्तक आता देता येणार नाही.

मामा विचारात पडले. टॉवेल तसाच हातात. मला वाटलं, आता त्यांना आपल्या मोडलेल्या गुरुवारचं वाईट वाटणार, आणि ते मला बघवणार नाही.

"म्हणजे म्हातारपणात तां कमी होणा नाय?" त्यांनी विचारलं.

नाही, म्हटलं.

मामांचा चेहरा उजळला. "मगे ह्यां बरांच झालां मां, बाय?"

मला एकदम एक जुना दिवस आठवला. म्हाताऱ्या मेंदूत प्रथिन कमी होतं असं पहिल्यांदा पक्कं झालं, त्या दिवशी सरांनी पेढे मागवले होते, आणि पहिला पेढा मी ह्याच, साठीकडे झुकलेल्या मामांच्या हातावर ठेवला होता.